फरशीत मुरलेला कुत्र्या-मांजरांच्या शूचा वास कसा काढायचा

फरशी रोज पुसली जाते, वरून चकचकीत दिसते, तरी दोन दिवस बंद राहिलेल्या खोलीचं दार उघडलं की तोच दर्प नाकात शिरतो. मग आणखी उग्र सुगंधाचं क्लीनर आणलं जातं, आणि काही तासांनी दोन्ही वास एकत्र येऊ लागतात. याचं कारण साधं आहे. पुसलं जातं ते वरचं अंग, आणि वास येतो तो खालून. लाद्यांच्या सांध्यांत, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीच्या) मागे, लाकडी पट्टीच्या कडेत किंवा थेट खालच्या सिमेंटमध्ये शू मुरलेली असते. त्यामुळे या कामात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: शू जिथवर पोचली तिथवर तुमचं द्रावण पोचलं पाहिजे, आणि तिथे पुरेसा वेळ ओलं राहिलं पाहिजे. बाटली कुठली हा प्रश्न त्यानंतरचा.

वास नेमका कशाचा

ताज्या शूला फार वास नसतो. तिच्यात बहुतांश पाणी असतं. बाकी युरिया, क्षार, क्रिएटिनिन आणि थोडी प्रथिनं. फरशीवरचे जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, आणि डोळ्यांना झोंबणारा वास तिथून सुरू होतो. याला काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात. ताजी शू बहुधा किंचित आम्लधर्मी असते. अमोनिया तयार झाला की ती अल्कधर्मी होते आणि लाकडाची पॉलिश, रंग यांना खायला लागते.

मांजराच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. मांजराच्या शूत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू मोडून थायॉल जातीची गंधक-संयुगं तयार होतात, आणि तोच तो खास ‘बोक्याचा’ दर्प. न्यूटर (नसबंदी) न केलेल्या बोक्यांत फेलिनिनचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. थायॉलचा वास माणसाच्या नाकाला अगदी नगण्य प्रमाणातही कळतो, म्हणून अमोनिया गेल्यावरही मांजराचा वास मागे राहतो.

तिसरा भाग क्षारांचा. शू वाळली की क्षार सांध्यात साचतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. ओल मिळाली की जिवाणू पुन्हा कामाला लागतात आणि अडकलेला वास मोकळा होतो. ‘वास गेला होता, हवा दमट झाली आणि परत आला’ असं म्हणतात तेव्हा तो परत आलेला नसतो, गेलेलाच नसतो.

बाटल्यांवर ‘युरिक ॲसिड’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. त्याचा फार धसका घेऊ नका. कुत्र्या-मांजरांचं शरीर बहुतेक युरिक ॲसिडचं ॲलन्टॉइन करून टाकतं, आणि ते पाण्यात पुष्कळ सहज विरघळतं. डाल्मेशियन हा कुत्रा मात्र याला ठळक अपवाद आहे. त्याच्या शूत युरिक ॲसिड खरोखरच जास्त असतं.

शू ताजी असेल तर

पहिली दहा मिनिटं हातात असतील तर पुढचं बहुतेक काम टळतं. सगळ्यात आधी टिपा, पुसू नका. जाड सुती फडकं किंवा टिश्यूची चार-पाच पदरी घडी डबक्यावर ठेवून वरून दाबा. कडेकडून मध्याकडे या, म्हणजे डबकं पसरणार नाही. फडकं भिजलं की बदला. नवं फडकं कोरडं निघेपर्यंत हे चालू ठेवा. सांधे असतील तर घडीवर टाच ठेवून वीस-तीस सेकंद वजन द्या, सांध्यातली शू वर ओढली जाते.

मॉप या टप्प्यावर अजिबात वापरायचा नाही. बादलीतल्या पाण्यात शू मिसळते आणि तोच मॉप सगळ्या खोलीच्या सांध्यांतून ती पातळ करून फिरवतो. एका कोपऱ्याचा प्रश्न मग अख्ख्या खोलीचा होतो. शूसाठीची फडकी वेगळी ठेवावीत आणि वापरून झाली की लगेच धुवावीत.

टिपून झालं की त्या जागेवर साधं थंड पाणी ओता, थोडं, शंभर-दीडशे मिली, आणि तेही टिपून घ्या. असं दोनदा केलं की क्षारांचा मोठा भाग निघून जातो. ओलं शोषणारा व्हॅक्यूम असेल तर उत्तमच. त्यानंतर एन्झाइम क्लीनर लावा (ते काय असतं ते पुढे आहे). लाकडी किंवा लॅमिनेट फरशीवर मात्र पाणी ओतायचं नाही, पिळलेल्या ओल्या फडक्याने काम करायचं. गरम पाणी आणि वाफेचं मशीन सगळ्याच फरशांवर टाळा: उष्णतेने प्रथिनं घट्ट होऊन चिकटतात, आणि वाफेबरोबर ओल सांध्यात आणखी खोल जाते.

जुनी जागा शोधणं

वासाची जागा चुकली की पुढचं सगळं वाया. घरात राहणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं, त्यामुळे अर्धा तास बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या आणि मग गुडघ्यांवर बसून, नाक फरशीपासून वीतभर अंतरावर ठेवून हुंगा. उभं राहून वासाची जागा सापडत नाही.

अतिनील टॉर्चने वाळलेली शू पिवळट-हिरवट चमकते. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५चे टॉर्च जांभळा उजेड इतका पाडतात की फिकट डाग त्यात हरवतात. खोलीत पूर्ण अंधार करा, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या, टॉर्च जमिनीपासून एक-दीड फुटावर धरून तिरका फिरवा. दिव्याकडे थेट बघू नका. भिंतीचा खालचा दोन फुटांचा भाग, दाराची चौकट, फर्निचरचे पाय हे सगळं तपासा, कारण पाय वर करणारा कुत्रा आणि शेपटी ताठ करून फवारा मारणारा बोका दोघेही भिंतीवर करतात आणि ओघळ स्कर्टिंगच्या मागे उतरतो. सापडलेल्या जागेभोवती खडूने रेघ मारून ठेवा.

टॉर्चवर आंधळा विश्वास मात्र नको. कपडे धुण्याच्या पावडरीचे अंश, काही गोंद आणि काही सांडलेली पेयंही चमकतात. उलट, नीट साफ झालेला डाग वास गेल्यावरही कधी कधी चमकत राहतो. शेवटचा निवाडा नाकाचाच.

संशय असलेल्या लादीची खात्री करायला एक सोपी पद्धत आहे. कोमट पाण्यात फडकं भिजवून पिळा, लादीच्या सांध्यावर ठेवा, त्यावर काचेचा वाडगा उपडा घाला. अर्ध्या तासाने वाडगा उचलून लगेच हुंगा. ओल आणि ऊब मिळाल्याने अडकलेला वास वर येतो आणि वाडग्यात साठतो. शेजारच्या चार सांध्यांवर हीच चाचणी घेतली की डाग किती पसरलाय याची हद्द कळते. ही हद्द नेहमीच वरून दिसणाऱ्या डागापेक्षा मोठी असते.

एक गफलत बऱ्याचदा होते. खोलीला जोडून सांडपाणी जाण्याची जाळी असेल आणि ती वापरात नसेल, तर जाळीखालच्या सापळ्यातलं पाणी आटून गटाराचा वास घरात येतो, आणि दोष बिचाऱ्या जनावरावर येतो. आधी जाळीत दोन तांबे पाणी ओतून एक दिवस थांबा.

कशाने काय निघतं

एन्झाइम क्लीनर हा या कामाचा कणा. चांगल्या क्लीनरमध्ये तयार एन्झाइम असतात आणि बहुधा बॅसिलस जातीचे निरुपद्रवी जिवाणू बीजाणूंच्या रूपात असतात. बीजाणूंना ओलाव्यात जागं व्हायला काही तास लागतात, मग ते युरिया, प्रथिनं आणि इतर सेंद्रिय अंश खाऊन संपवतात. म्हणूनच ‘फवारा मारा आणि पुसा’ या पद्धतीने हे क्लीनर जवळपास काहीच करत नाही. ते फसतं त्याची कारणं ठरलेली आहेत:

- कमी पडणं. स्प्रे बाटलीच्या एका दाबाला जेमतेम १ मिली द्रावण येतं. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २० ते ४० मिली शू होते; म्हणजे २० किलोच्या कुत्र्याची एक वेळची शू सहज १५० मिलीच्या पुढे जाते. दहा फवारे तिथे कुठे पुरणार? स्प्रेचं तोंड काढा आणि ओता.
- लवकर वाळणं. जागा प्लास्टिकच्या कागदाने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तास, जुना डाग असेल तर ४८.
- आधीच्या क्लीनरचे अंश. ब्लीच, जंतुनाशकं, फिनाइल यांचे अंश एन्झाइम आणि जिवाणू दोन्ही मारतात. जागा साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, टिपून, मगच एन्झाइम लावा.
- तापमान. थंडगार फरशीवर काम रेंगाळतं, ६० अंशांच्या पुढचं गरम पाणी एन्झाइम निकामी करतं. कोमट पाणी योग्य.
- जुनी बाटली. मुदत संपलेली किंवा उन्हात राहिलेली बाटली म्हणजे नुसतं सुवासिक पाणी.

आणखी एक. एन्झाइम लावल्यावर पहिल्या दिवशी वास वाढतो. ओलीमुळे अडकलेला वास सुटत असतो, आणि नेमकं याच वेळी घाबरून लोक सगळं धुऊन टाकतात. जागा पूर्ण वाळेपर्यंत निकाल लावू नका.

मांजराच्या गंधकी वासावर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. ते थायॉलचं ऑक्सिडीकरण करून त्याची वास नसलेली संयुगं करतं. पॉल क्रेबॉम या रसायनशास्त्रज्ञाने स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसाठी १९९३ मध्ये जे मिश्रण प्रसिद्ध केलं, तेच इथे लागू पडतं, कारण स्कंकच्या फवाऱ्यातही थायॉलच असतात. प्रमाण असं: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १ लिटर, खाण्याचा सोडा ६० मिली मापाचा, भांडी घासायचं लिक्विड १ चहाचा चमचा. पेरॉक्साइड ६ टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घालून अर्धं करा. उघड्या प्लास्टिकच्या भांड्यात कालवा, लगेच वापरा, उरलेलं मोरीत ओता. बाटलीत भरून झाकण लावलं तर सुटणाऱ्या ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटते, हे गंभीरपणे घ्या. फरशीवर १५ ते ३० मिनिटं ठेवून टिपून घ्या आणि पाण्याने पुसा. रंगीत ग्राउट (लाद्यांच्या सांध्यांत भरलेला मसाला), लाकूड, गडद दगड यांचा रंग यामुळे उडू शकतो; आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात चाचणी घ्या.

एन्झाइम आणि पेरॉक्साइड एकाच वेळी लावू नका, पेरॉक्साइड एन्झाइमना मारतं. आधी एन्झाइम, पूर्ण वाळवणं, आणि तरी बोक्याचा वास राहिला तर पेरॉक्साइड, हा क्रम ठेवा.

व्हिनेगर उपयोगी आहे, पण मर्यादित. ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळलं की अमोनिया क्षारात बांधला जातो आणि उडायचा थांबतो. थायॉलवर त्याचा परिणाम होत नाही. सिमेंटवर तर हा फायदाही टिकत नाही, कारण सिमेंट स्वतः अल्कधर्मी असल्याने बांधलेला अमोनिया पुन्हा मोकळा होतो. संगमरवरावर व्हिनेगर टाकूच नये, त्याचं कारण पुढे आहे.

खाण्याच्या सोड्याबद्दल लोकांचा विश्वास दांडगा आहे, पण अमोनिया अल्कधर्मी आणि सोडाही थोडा अल्कधर्मीच. तो अमोनिया मारू शकत नाही. कोरडा भुरभुरलेला सोडा उरलीसुरली ओल शोषतो, इतकाच त्याचा उपयोग धरा. सांध्यात भरून राहिला तर तो पुढच्या उपचारालाही आड येतो.

काय कशात मिसळायचं नाही

ब्लीच शूवर कधीही ओतू नका. शूतला अमोनिया आणि ब्लीच यांतून क्लोरामाइन वायू तयार होतात. बंद खोलीत, आणि त्यातही जुन्या, भरपूर मुरलेल्या डागावर, हे फुप्फुसांना घातक ठरतं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एका भांड्यात मिसळले तर पेरॲसिटिक आम्ल होतं, ते डोळे आणि घसा जाळतं. अमोनिया असलेली काच-फरशी क्लीनर तर उलटंच काम करतात: त्यांचा वास जनावराला शूसारखाच वाटतो आणि ते पुन्हा त्याच जागी येतं.

घरात मांजर असेल तर फिनाइल, फिनॉलयुक्त जंतुनाशकं आणि टी-ट्रीसारखी सुवासिक तेलं फरशीवर नकोत. मांजराच्या यकृताला फिनॉल निकामी करणं फारसं जमत नाही, आणि पंजे चाटताना ते सरळ पोटात जातं. क्लीनर कुठलंही असो, फरशी धुऊन कोरडी होईपर्यंत जनावर दुसऱ्या खोलीत ठेवा.

सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड लाद्या

लादी निर्दोष असते, गुन्हेगार सांधा असतो. साध्या सिमेंटी ग्राउटमध्ये बारीक छिद्रं असतात आणि शू त्यातून लादीखाली उतरते. सांधे आधी नायलॉनच्या कडक ब्रशने, भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घातलेल्या कोमट पाण्याने घासा, पाणी टिपून घ्या, साध्या पाण्याने धुऊन पुन्हा टिपा. आता टिश्यू किंवा सुती चिंध्यांच्या वळ्या करून एन्झाइममध्ये भिजवा, सांध्यांवर दाबून बसवा आणि वर प्लास्टिक चिकटवा. २४ तासांनी प्लास्टिक काढा, पण वळ्या तिथेच वाळू द्या. वाळताना पाणी वर येतं आणि विरघळलेले क्षार वळीत ओढून आणतं. वळ्या टणक, पिवळट निघाल्या तर समजा काम होतंय. नव्या वळ्यांनी पुन्हा करा. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या लागणं स्वाभाविक आहे.

त्यानेही भागलं नाही तर सांधा खरवडून काढायचा. ग्राउट खरवडण्याच्या पात्याने निदान ३ मिमी खोल, शक्यतो सांध्याच्या निम्म्याहून जास्त खोलीपर्यंत काढा, धूळ झटका, मोकळ्या सांध्यात बिनसुईच्या सिरिंजने एन्झाइम भरा, झाका, दोन दिवस थांबा. नंतर पंख्याखाली तीन-चार दिवस वाळवून इपॉक्सी ग्राउट भरा. इपॉक्सीत पाणी मुरत नाही, त्यामुळे पुढची शू वरच राहते. ओल्या सांध्यावर घाईने ग्राउट भरला तर वास आत कोंडतो आणि कडेच्या बारीक फटीतून येतच राहतो.

लादीवर टिचकी मारून पाहा. पोकळ आवाज आला तर तिच्याखाली पोकळी राहिलेली आहे, आणि तिथे शू साठून राहते. अशी लादी उचलल्याशिवाय इलाज नाही.

संगमरवर, मोझॅक आणि इतर दगड

संगमरवर आणि चुनखडीचा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आम्ल लागलं की त्याचा थर विरघळतो आणि पॉलिश उडून पांढुरका, खरबरीत ठसा राहतो. तो पुसून जात नाही. दगड पुन्हा घासून पॉलिश करावा लागतो. मोझॅकच्या लादीत संगमरवराच्या कपच्या आणि सिमेंट दोन्ही असतात, तेव्हा तीच काळजी.

दगडावर लगदा लावणं सर्वांत चांगलं. पांढरी केओलिन माती किंवा चुरलेला पांढरा टिश्यू घ्या, एन्झाइम क्लीनरमध्ये दह्याइतका घट्ट कालवा आणि डागापेक्षा दोन बोटं बाहेरपर्यंत, साधारण १ सेंमी जाड थापा. प्लास्टिकने २४ तास झाका, मग उघडून पूर्ण वाळू द्या. वाळलेला लगदा लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचला. पिवळा डागही काढायचा असेल तर नंतर ३ टक्के पेरॉक्साइडमध्ये कालवलेला दुसरा लगदा लावा, पण फक्त पांढऱ्या दगडावर. हिरवा, काळा, तपकिरी दगड यात फिका पडतो.

ग्रॅनाइट बहुधा आम्लाला दाद देत नाही, पण त्याच्या सांध्यांना वरचेच नियम लागू.

सिमेंटचं जमीनकाम

गालिचा किंवा लॅमिनेट काढल्यावर खाली उघडं सिमेंट दिसतं, आणि तिथेच खरा साठा सापडतो. सिमेंट स्पंजासारखं पितं. वर पांढरी, पिठूळ भुकटी दिसली तर ती आधी कोरडीच खरवडून, झाडून बाहेर टाका. ते वर आलेले क्षार असतात. पाणी ओतलं की ते पुन्हा आत जातात.

मग जागा पाण्याने ओली करा, थोड्या डिटर्जंटने घासा, ओल्या व्हॅक्यूमने पाणी ओढा, आणि निघणारं पाणी नितळ होईपर्यंत हे तीन-चारदा करा. जितके क्षार पाण्यानेच निघतील तितकं एन्झाइमचं ओझं हलकं. त्यानंतर दर चौरस मीटरला साधारण १ लिटर एन्झाइम ओता, प्लास्टिकने झाकून ४८ तास ठेवा आणि पंख्याखाली आठवडाभर वाळवा. वाडग्याची चाचणी घ्या. वास असेल तर पुन्हा.

दोन-तीन फेऱ्यांनंतरही किंचित वास राहिला तर सिमेंट बंद करावं लागतं. इथे एक चूक महागात पडते: दगड-सिमेंटसाठीचे आत मुरणारे सिलेन-सिलॉक्सेन सीलर पाणी अडवतात, वाफ अडवत नाहीत, आणि वास वाफेबरोबर येतो. वास अडवायला वर सलग थर धरणारं काहीतरी लागतं, म्हणजे शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर किंवा इपॉक्सी. त्याआधी सिमेंट कोरडं आहे का ते पाहा: १८ इंच बाय १८ इंच प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून किमान १६ तास ठेवा. खाली दव जमलं किंवा सिमेंट काळपट दिसलं तर अजून ओल आहे, आणि आता लावलेला थर पोपडे धरून सुटेल. थर दोन द्या, भिंतीच्या कडेला पूर्ण नेऊन.

लाकूड, लॅमिनेट, व्हिनाइल

लाकडाची पॉलिश शाबूत असेल तर शू वर थांबते. पॉलिश झिजलेली असेल तर पट्ट्यांच्या कडांमधून आत जाते आणि अमोनिया, लाकडातलं टॅनिन व खिळ्यांचं लोखंड मिळून काळे डाग पडतात. डाग असलेल्या भागाची पॉलिश आधी पॉलिशपेपरने घासून काढा, नाहीतर काहीच आत जाणार नाही. एन्झाइमने भिजवून पिळलेलं फडकं ठेवून वर प्लास्टिक टाका, पण लाकडावर पाणी साचू देऊ नका. पट्टी फुगून वाकते. वास गेल्यावर राहिलेला डाग ३ टक्के पेरॉक्साइडच्या फडक्याने उजळतो. दर तासाला उचलून पाहा, कारण जास्त झालं तर पांढरा ठिपका पडतो. लोखंडामुळे आलेला निळसर-काळा डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो. ते विषारी आहे, हातमोजे आणि मास्क लावूनच, आणि नंतर तीनदा पाण्याच्या फडक्याने पुसून. पॉलिशपेपरने दोन-तीन मिमी घासूनही काळं उतरत नसेल तर पट्टी बदला. बदलताना खालच्या फळीवर शेलॅकच्या प्रायमरचे दोन हात मारा, ही संधी पुन्हा मिळत नाही.

लॅमिनेटबद्दल भ्रमात राहू नये. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुश्याचा असतो. सांध्यातून शू गेली की कडा फुगतात, आणि फुगलेली कड परत बसत नाही. कडा सपाट असतील तर सिरिंजने सांध्यात अगदी थोडं, २-३ मिली एन्झाइम सोडून पाहा. फुगल्या असतील तर जवळच्या भिंतीपासून पट्ट्या सोडवत आत या, डाग लागलेल्या पट्ट्या आणि खालचा फोम दोन्ही टाकून द्या, खालचं सिमेंट वर सांगितल्याप्रमाणे साफ करा आणि नव्या पट्ट्या बसवा. फोम जुनाच ठेवला तर काम फुकट गेलं.

व्हिनाइलच्या पत्र्यात शू मुरत नाही, फक्त जोडावर आणि कडेला पाहावं लागतं. तिथली कड हलकेच उचलून खाली हुंगा.

स्कर्टिंग सगळ्या फरशांसाठी सारखंच. भिंतीवर ओघळ सापडला असेल तर लाकडी स्कर्टिंग काढा; त्याची मागची बाजू बहुधा बिनरंगाची असते आणि तीच सगळ्यात जास्त पिते. एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुश्याचं) असेल तर नवंच लावा. फरशी आणि भिंतीमधलं जुनं सिलिकॉन कापून काढा, ते वास धरून ठेवतं. नवं सिलिकॉन जागा वाळल्यावरच.

जनावर पुन्हा तिथेच करत असेल तर

कुत्रा किंवा मांजर एकाच जागी परत जात असेल तर आपल्याला न येणारा वास त्याला येतो आहे असं धरून पुन्हा एकदा वाडग्याची चाचणी घ्या. मांजरांसाठी लिटरच्या (शू-शी करायच्या वाळूच्या) पेट्या मांजरांच्या संख्येहून एक जास्त ठेवा, वेगवेगळ्या जागी, आणि गोळे रोज काढा. न्यूटर केल्याने फवारे मारणं बहुतेक बोक्यांत थांबतं किंवा खूप कमी होतं.

आजवर बाहेर किंवा पेटीत करणारं जनावर अचानक घरात करू लागलं तर फरशीआधी पशुवैद्याकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, मधुमेह, किडनीचा आजार यांची सुरुवात बऱ्याचदा अशीच दिसते. बोका पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि थेंब-दोन थेंबच येतायत किंवा काहीच येत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. एक-दोन दिवसांत हे जिवावर बेततं.